मध्यंतरी पोट बिघडलं होतं का?

करी रोड स्टेशनच्या जिन्यावर दादाच्या डाव्या पायातली चप्पल निसटली. सोमवार होता, 4 ऑगस्ट 2025. निसटतेय हे त्याला कळत होतं, पण अंगठ्याने आणि बोटाने ती धरून ठेवता येईना. त्याने ती हातात घेतली, जिना उतरला, खाली येऊन पुन्हा पायात घातली आणि विद्याविहारच्या छापखान्यात कामावर गेला. संध्याकाळी वहिनीला म्हणाला, ही सैल झालीय, नवीन घ्यायला हवी. मंगळवारी उजव्या पायातलीही निसटू लागली. बुधवारी चाळीचा जिना चढताना कठडा धरून दोनदा थांबला. गुरुवारी सकाळी मोरीत खाली बसला तो उठेना. वहिनीने आणि शेजारच्या काकांनी काखेत हात घालून त्याला उभा केला.

चाळीत लगेच कुजबुज सुरू झाली, अंगावरून वारं गेलं म्हणून. पण वारं जातं ते एका बाजूवरून. तोंड वाकडं होतं, बोबडी वळते. दादाचं बोलणं स्पष्ट होतं, चेहरा सरळ होता, आणि गेले होते ते दोन्ही पाय, सारखेच. नाक्यावरच्या डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून बी-ट्वेल्व्हचं इंजेक्शन दिलं. त्यांच्यावर माझा राग नाही. पुढे जो आजार निघाला, तो पहिल्या दोन दिवसांत अशक्तपणासारखाच दिसतो. शेचाळीस वर्षांचा माणूस थकल्यासारखं वाटतं म्हणाला, तर कोण काय वेगळं समजणार?

शुक्रवारी आम्ही त्याला महापालिकेच्या एका मोठ्या रुग्णालयात नेलं. तिथली निवासी डॉक्टर माझ्या पुतणीपेक्षा फार तर आठ-दहा वर्षांनी मोठी असेल. तिने दादाच्या गुडघ्याखाली रबरी हातोडी मारली. पाय हलला नाही. पुन्हा मारली. मग दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून जोरात ओढायला सांगितली, तो ओढत असताना तिसऱ्यांदा मारली. पाय तसाच लोंबत राहिला. तिने हातोडी खिशात ठेवली, स्टूल पुढे ओढलं आणि विचारलं, "काका, मध्यंतरी पोट बिघडलं होतं का? महिन्याभरात कधी? जुलाब, ताप?"

दादा म्हणाला, "नाही."

वहिनी म्हणाली, "नाही हो, तसं काही नाही."

दोघं खोटं बोलत नव्हती. त्यांना खरंच आठवत नव्हतं. कामावर दांडी पडली, सलाईन लागलं, तर तो आजार. बाकी पोट काय, बिघडतं आणि सुधारतं. मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते. मला आठवत होतं, कारण त्या बुधवारी मी फोन केला होता.

"झालं होतं," मी म्हणाले. "गटारीच्या सुमाराला. तीन दिवस."

ती मान हलवून लिहू लागली. केसपेपरवर तिने ते पहिल्याच ओळीत लिहिलं.

आमच्या माहेरी, लालबागच्या चाळीत, गटारीचा बेत अमावास्येआधीच्या रविवारी होतो. त्या वर्षी अमावास्या गुरुवारी 24 जुलैला होती आणि शुक्रवारपासून श्रावण. म्हणून रविवारी, 20 तारखेला, मी डोंबिवलीहून सकाळीच गेले. कोंबडी मीच आणली, नाक्यावरच्या दुकानातून, दोन किलो, समोर कापून घेतलेली. मोरीत नळाखाली धुतली. आई धुवायची तशीच, पाणी स्वच्छ येईपर्यंत तीन वेळा, मग हळद-मीठ चोळून आणखी एकदा. मोठे तुकडे विळीवर बारीक केले. विळी पाण्याने विसळली. मग त्याच विळीवर कोशिंबिरीसाठी काकडी कोचवली.

विसळली. घासली नाही. या दोन क्रियापदांमधल्या अंतरावर मी पुढे किती रात्री जागून काढल्या, ते मी कुणाला सांगितलेलं नाही. इथे पहिल्यांदा लिहिते आहे.

मंगळवारी रात्री दादाला कणकण आली. बुधवारी जुलाब, पोटात मुरडा. फोनवर म्हणाला, ओआरएस पितोय, होईल बरं. एकदा थोडं रक्त पडलं होतं, हे त्याने मला पुढे खूप उशिरा सांगितलं. पुतण्याचंही एक दिवस पोट बिघडलं. बाकी आम्हा पाच जणांना काहीच झालं नाही. शनिवारपर्यंत दादा ठणठणीत झाला. पहिल्या श्रावणी सोमवारचा उपास करून, साबुदाण्याची खिचडी डब्यात घेऊन तो कामावर गेला. आठवड्याभराने चप्पल निसटली.

डॉक्टरने आजाराचं नाव सांगितलं, गुलियन बॅरे सिंड्रोम. ते आम्हाला अगदीच नवं नव्हतं. त्याच वर्षी जानेवारीत पुण्यातल्या बातम्या रोज येत होत्या. सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी. दोनशेहून अधिक संशयित रुग्ण, त्यांतले काही दगावलेले. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जीवाणू सापडला होता, काहींत नोरोव्हायरस, आणि पिण्याच्या पाण्याकडे बोट दाखवलं जात होतं. तेव्हा मी ते सगळं वाचून नात्यातल्या ग्रुपवर 'पाणी उकळून प्या' असा निरोपही टाकला होता. जीबीएस ही तीन अक्षरं मला माहीत होती. पण बातमीतला शब्द आणि भावाचा न उठणारा पाय एकच आहेत, हे चार दिवस माझ्या डोक्यात आलं नाही.

या कॅम्पायलोबॅक्टरबद्दल मी नंतर बरंच वाचलं. वॉर्डाबाहेरच्या बाकावर, मोबाइलवर, रात्रीच्या रात्री. तो कोंबडीच्या आतड्यात सुखाने राहतो. कोंबडीला सहसा काही करत नाही. तिच्या अंगाची ऊब आपल्यापेक्षा जास्त, जवळपास 42 अंश, आणि तीच त्याला मानवते. मोकळ्या हवेतला ऑक्सिजन त्याला सोसत नाही. म्हणूनच तो इतकी वर्षं प्रयोगशाळांना चकवत राहिला. थिओडोर एशेरिच या जर्मन बालरोगतज्ज्ञाने 1886 मध्ये हगवणीने गेलेल्या तान्ह्या मुलांच्या आतड्यांत असे वळणदार जंतू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले होते, पण ते बशीत वाढेनात. इंग्लंडमधल्या वूस्टरच्या मार्टिन स्किरो यांनी 1977 मध्ये त्याला वाढवण्याची सोपी पद्धत छापली, तेव्हा कुठे डॉक्टरांना कळलं की हा किती लोकांच्या पोटात आहे. म्हणजे पाहिल्यानंतर नव्वद वर्षं गेली. आपल्याकडे तर आजही नाक्यावरच्या दवाखान्यातून जुलाबासाठी शौच तपासायला कोण पाठवतं? दोन गोळ्या, ताक-भात, आणि विसरून जायचं.

शिजवल्यावर तो मरतो. रस्सा खदखदला की संपला. पण कच्च्या मांसाच्या पाण्याचा एखादा थेंबही पुरतो, कारण आजारी पाडायला त्याचे काही शेच जंतू बास होतात. नळाखाली कोंबडी धुताना उडणारे तुषार हातभर लांब जातात. आमच्या मोरीत हातभर अंतरावर काय नसतं? घासलेली भांडी, तांब्या, पिण्याच्या पाण्याचं पिंप.

पोटातून पायापर्यंत ही गोष्ट कशी पोचते, ते मला त्या निवासी डॉक्टरनेच समजावलं, रात्री साडेअकराला, स्वतःचा डबा उघडायच्या आधी. जंतू नसांपर्यंत जात नाही. त्याच्या अंगावर साखरेच्या साखळ्यांचं आवरण असतं. काही वाणांच्या आवरणातल्या साखळ्या आपल्या मज्जातंतूंवरच्या गँग्लिओसाइड नावाच्या रेणूंसारख्या असतात, इतक्या सारख्या की शरीरालाही फरक कळत नाही. शरीर जंतूविरुद्ध अँटिबॉडी तयार करतं, जुलाब थांबतात. पण त्या अँटिबॉडी रक्तात फिरत राहतात आणि एक ते तीन आठवड्यांत नसांवर जाऊन बसतात.

माझ्या मनात तेव्हा करी रोडचा पूल आला. पावसाळ्यात संध्याकाळी तिथे एकसारख्या निळ्या रेनकोटांची रांग चाललेली असते. आपण मागून हाक मारतो, खांद्यावर हात ठेवतो, आणि वळतो तो कुणी दुसराच. दादाच्या शरीराने असाच चुकीच्या खांद्यावर हात ठेवला होता. फक्त तो हात त्याने परत घेतला नाही.

हजारात साधारण एकाला. कॅम्पायलोबॅक्टरची लागण झालेल्या हजार जणांतल्या एकाच्या वाट्याला हे येतं. बाकीचे नऊशे नव्व्याण्णव बरे होतात आणि विसरतात. वहिनीला भीती होती की मुलांना लागेल. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही, हे ऐकल्यावर ती दोन दिवसांनी पहिल्यांदा नीट जेवली.

त्या पहिल्या रात्री डॉक्टरने आणखी एक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला होता: डबाबंद काही खाल्लं होतं का, एकाचं दोन दिसतं का, गिळताना अडकतं का? तेव्हा मला ते प्रश्न असंबद्ध वाटले. नंतर उमगलं की ती दुसरी एक शक्यता खोडून काढत होती. बोटुलिझम. तोही अन्नातूनच येतो, तोही हातपाय लुळे करतो, पण उलट्या दिशेने. तिथे शरीर चुकत नाही, जीवाणूचं विषच नसांचं टोक बंद करतं, आणि लुळेपणा डोळ्यांपासून खाली उतरत जातो. दादाचा पायांपासून वर चढत होता. जर्मनीत दोनशे वर्षांपूर्वी युस्टिनुस केर्नर नावाच्या डॉक्टरने नासक्या सॉसेजने दगावलेल्या लोकांच्या नोंदी काढून त्या विषाचं पहिलं नीट वर्णन केलं. हा माणूस कवीही होता. का कोण जाणे, मला त्या बाकावर बसून ते वाचताना बरं वाटलं. आणि एकाचं दोन दिसण्याचा प्रश्न आणखी एका कारणाने महत्त्वाचा होता. याच गुलियन बॅरेचं एक भावंड आहे, मिलर फिशर सिंड्रोम, कॅनडाच्या चार्ल्स मिलर फिशर यांनी 1956 मध्ये सांगितलेलं. त्यात अँटिबॉडी डोळे फिरवणाऱ्या नसांवर बसतात. माणूस दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खातो, पण हातापायांतली ताकद बहुधा शाबूत असते. एकाच जंतूचे वेगळे वाण, वेगळी साखळी, वेगळी नस.

पोटातून डोक्यापर्यंत पोचलेली आणखी एक गोष्ट मी तिथेच वाचली. 2011 मध्ये जर्मनीत मोड आलेल्या मेथीतून ई. कोलाय या जीवाणूची मोठी साथ आली होती. तिच्यात मूत्रपिंडं बिघडलेल्या कित्येकांचं बोलणं अडखळलं, भान हरपलं, झटके आले. मेथीचं नाव वाचून मी दचकले. आमच्या घरी मोड आलेली मेथी उसळीत असते, म्हणजे शिजलेली. तिथे ती कच्ची खाल्ली गेली होती.

दादाच्या पाठीच्या कण्यातून पाणी काढलं. पहिल्या आठवड्यात त्यात काही दिसेलच असं नाही, असं आधीच बजावलं होतं. तरी प्रथिनं वाढलेली निघाली, पेशी जवळजवळ नाहीत. हीच या आजाराची खूण. पहिल्या महायुद्धात, 1916 मध्ये, जॉर्ज गिलाँ, जाँ अलेक्झांद्र बारे आणि आंद्रे स्ट्रोल या तीन फ्रेंच डॉक्टरांनी दोन सैनिकांमध्ये ती टिपली. गुलियन बॅरे या नावात त्यांतले पहिले दोघंच राहिले. तिसरा गळाला. त्यांच्याही आधी, 1859 मध्ये, लँद्री या फ्रेंच डॉक्टरांनी पायांतून वर चढणाऱ्या लुळेपणाचं वर्णन केलं होतं. तेही मागे पडले.

शनिवारी, 9 ऑगस्टला, नारळी पौर्णिमा होती. मी राखी घेऊन गेले. दादाने हात पुढे करायचा प्रयत्न केला, तो चादरीवरून चार बोटं उचलला गेला आणि पडला. शुक्रवारी सकाळी हात चालत होते. मी त्याचा हात माझ्या मांडीवर घेतला, राखी बांधली, पुन्हा चादरीवर ठेवला. तो म्हणाला, "गाठ घट्ट बसली गं, जरा सैल कर." स्पर्श सगळा कळत होता त्याला. नसांची तपासणी झाली तेव्हा समजलं की फक्त हालचाल पोचवणाऱ्या नसा धरल्या गेल्यात, स्पर्शाच्या नाहीत, आणि नसेवरच्या आवरणापेक्षा आतल्या तंतूला इजा जास्त आहे. कॅम्पायलोबॅक्टरनंतर हा प्रकार बराच दिसतो. उत्तर चीनमधल्या खेड्यांत 1990च्या सुमाराला दर उन्हाळ्यात लहान मुलं अशीच लुळी पडत होती, त्यांच्यावरून डॉक्टरांना तो ओळखता आला. पण हे सगळं पुस्तकातलं. दादाच्या भाषेत त्याचा अर्थ असा होता: "डास चावतो ते कळतं, मारता येत नाही." ऑगस्ट महिना, वॉर्डात डास भरपूर. वहिनी रात्रभर पुठ्ठ्याने वारा घालत बसायची.

राखीच्याच दिवशी इम्युनोग्लोब्युलिन सुरू झालं. वजनाच्या दर किलोमागे दोन ग्रॅम, पाच दिवसांत विभागून. दादाचं वजन पासष्ट किलो, म्हणजे 130 ग्रॅम, पाच ग्रॅमच्या 26 बाटल्या. एकेका बाटलीची किंमत हजारांत. वहिनीचा भाऊ रेशनकार्ड आणि आधारच्या झेरॉक्सा घेऊन महात्मा फुले योजनेच्या खिडकीशी दिवसभर उभा राहिला, तेव्हा पहिल्या बाटल्या आल्या. ते औषध कारखान्यात रसायनं मिसळून होत नाही. हजारो माणसांनी दिलेल्या रक्तातला द्रव एकत्र करून, त्यातल्या अँटिबॉडी गाळून ते करतात. पलंगाशेजारी थेंब थेंब उतरणारी ती बाटली मी पाहत बसायचे. कोण कुठली हजार माणसं आपापल्या शरीरातला बंदोबस्त माझ्या भावाला उसना देत होती. मी तोपर्यंत एकदाही रक्तदान केलं नव्हतं. आता दोनदा केलंय.

एका आत्याने आग्रह धरला, स्टेरॉइड का देत नाहीत म्हणून. मोठ्या बाईंनी, म्हणजे युनिटच्या प्रमुखांनी, शांतपणे सांगितलं की या आजारात त्याचा उपयोग होत नाही, हे तपासून पाहिलेलं आहे. उपयोग दोनच गोष्टींचा: ही बाटली, किंवा रक्तातला द्रव काढून बदलणं. बाकी सगळी राखण. छाती, गिळणं, रक्तदाब, नाडी आणि पाठीची कातडी यांची.

छातीच्या राखणीची एक साधी पद्धत होती. खोल श्वास घ्यायचा आणि त्या एका श्वासात मोठ्याने आकडे म्हणायचे. किती येतात ते सिस्टर वहीत लिहायच्या. वीसच्या खाली गेला की डॉक्टर धावायचे. दादा पहिल्या दिवशी चौतीसपर्यंत गेला. दुसऱ्या दिवशी सत्तावीस. सोमवारी एकवीस, आणि त्याला रातोरात आयसीयूत हलवलं. व्हेंटिलेटर शेजारी आणून ठेवला. या आजारात चार-पाच जणांतल्या एकाला तो लागतोच. पलीकडच्या पलंगावरच्या मुलाला लागला होता, कल्याणचा, एकोणीस वर्षांचा. त्याच्या आईची आणि आमची ओळख झाली. ती बाकावर बसून माझ्याबरोबर आकडे ऐकायची. तिच्या मुलाला आकडे म्हणता येत नव्हते.

दादा लहान असताना पाढे फार चढ्या आवाजात म्हणायचा. आई सांगायची, खालच्या मजल्यावर ऐकू जायचे. आता तो "एक, दोन, तीन" हळूहळू, श्वास जपून वापरत म्हणायचा, आणि शेवटचे तीन-चार आकडे नुसते ओठांवर यायचे. वहिनी काचेबाहेर उभी राहून त्याच्याबरोबर ओठ हलवायची.

मंगळवारी, 19 ऑगस्टला, पावसाने मुंबई बुडाली. मध्य रेल्वे ठाण्याच्या पुढे बंद. मी डोंबिवलीत अडकले. दुपारी वहिनीचा फोन आला. तिने बाकी काही सांगितलं नाही, नुसतं म्हणाली, "चौदा." मी खिडकीत उभी होते. रस्त्यावर पाणी, त्यात कुणाची तरी चप्पल तरंगत चाललेली. मला वाटलं, आता जावं आणि रुळांतून चालत परळ गाठावं. संध्याकाळी पुन्हा फोन. "चौदा." रात्री दहाला, "चौदाच." बुधवारी सकाळी लोकल हळूहळू सुरू झाल्या. मी परळला उतरले तेव्हा वहिनी जिन्यात भेटली, हातात चहाचा पेला. "सोळा," ती म्हणाली, आणि तिथेच पायरीवर बसली.

नळी घालावी लागली नाही. त्या दिवसापासून आकडा वर चढत गेला.

पायांनी आणि हातांनी मात्र घाई केली नाही. 27 ऑगस्टला गणपती आले. लालबागमध्ये वाढलेल्या माणसाला या दिवसांत वॉर्डात पडून राहणं म्हणजे काय, ते लालबागमध्ये वाढलेल्यांनाच कळेल. ढोलांचा आवाज रुग्णालयापर्यंत यायचा. दर दोन तासांनी त्याची कूस बदलायची, टाचेखाली उशी, घोट्याला आधार. फिजिओथेरपीची मुलगी रोज यायची आणि एकेक बोट हलवून पाहायची. विसर्जनाच्या दिवशी, 6 सप्टेंबरला, उजव्या हाताची तर्जनी आपणहून वाकली. मावशी लादी पुसत होत्या. त्यांनीच आधी पाहिलं.

नस पुन्हा वाढते ती दिवसाला साधारण एक मिलिमीटर. कंबरेपासून पावलापर्यंत मीटरभर अंतर. हा हिशोब दादानेच मांडला, छापखान्यातला माणूस, मिलिमीटर त्याच्या बोटांवर. हजार दिवस. फिजिओची मुलगी म्हणाली, इतकं सरळ नसतं काका, काही तंतू मधेच तुटलेले असतात, काही नुसते बंद पडलेले असतात, ते लवकर उठतात. सहा महिन्यांनी दहातले आठ जण आधाराशिवाय चालतात. दादा म्हणाला, "मग मी आठांत." ती हसली नाही, मान डोलावली आणि त्याचा पाय वाकवायला लागली.

एके दिवशी मोठ्या बाई एकट्या भेटल्या तेव्हा मी त्यांना विळीचं विचारलं. सगळं सांगितलं. विसळली, घासली नाही. त्या थांबल्या. म्हणाल्या, शौच आता तपासलं तरी जंतू मिळायचा नाही, तो केव्हाच गेला. रक्तातल्या अँटिबॉडीवरून जंतूची लागण झाली होती एवढं सांगता येईल, कुठून आला ते नाही. कोंबडी असेल, पाणी असेल, छापखान्याबाहेरचं काही असेल. मग म्हणाल्या, "आणि पाच जणांनी तीच कोशिंबीर खाल्ली ना?"

पाण्याचा विचार मी केला नव्हता. मुंबईचं पाणी सात तलावांतून येतं. 1860 पासूनच्या विहारपासून ते वैतरणा-भातसापर्यंत. भांडुपला आणि पांजरापूरला ते गाळून, क्लोरिन घालून पाठवतात, आणि क्लोरिनपुढे हा जंतू टिकत नाही. पण आमच्या चाळीत पाणी दिवसातून काही तासच येतं. बाकीच्या वेळी नळ रिकामे. रिकाम्या नळाला कुठे चीर असली आणि बाहेर गटार तुंबलं असलं, की नळ ते पाणी आत ओढून घेतो. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात आमच्या गल्लीत दोनदा पाणी साचलं होतं. सकाळी नळाला पहिली दहा मिनिटं गढूळ यायचं, हे सगळ्या चाळीला पाठ आहे.

त्यामुळे कुठून आला ते मला कधीच कळणार नाही. मी मान्य केलंय म्हणावं, तर तसंही नाही. काही रात्री अजून विळी दिसते, काही रात्री पिंप. दादाला मी एकदा सांगायला गेले, डिसेंबरात, तो वॉकर धरून गॅलरीत उभा होता. अर्धं वाक्य झालं आणि तो म्हणाला, "तू आठवण ठेवलीस म्हणून त्या पोरीने पहिल्याच दिवशी ओळखलं. मी तर नाही म्हणालो होतो." मग खाली गल्लीत कुणाला तरी हाक मारली.

कल्याणचा मुलगा पाच आठवड्यांनी व्हेंटिलेटरवरून निघाला. त्याची आई अजून मला फोन करते. परवा म्हणाली, जिना चढला. मी तिला विचारलं, त्याचं पोट बिघडलं होतं का गं आधी? ती म्हणाली, कॉलेजच्या सहलीनंतर, चार दिवस. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तिलाही आठवलं नव्हतं.

मी आता घरात एक वही ठेवली आहे, कॅलेंडरच्या मागे खिळ्याला अडकवलेली. कुणाचं पोट बिघडलं की तारीख लिहायची. दोन ओळी. पुढच्या महिन्याभरात पायऱ्या चढताना दम लागण्याऐवजी ताकदच कमी वाटली, चप्पल निसटली, बरणीचं झाकण उघडेना, एकाचं दोन दिसलं, तर ती वही घेऊन त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जायचं. माझ्या सासूबाई आधी म्हणाल्या, जुलाब कसले लिहायचे? आता त्याच माझ्याआधी लिहितात.

फेब्रुवारीत एका शनिवारी दादाचा फोन आला. "उद्या ये. कोंबडी करू."

मी गेले. दादा दारात उभा होता, घोट्याला पट्टी, हातात काठी, पण उभा. छापखान्यात तो अजून गेलेला नाही, मालकाने टेबलावरचं काम ठेवलंय त्याच्यासाठी, मार्चपासून. मी कोंबडी आणायला निघाले तर म्हणाला, थांब, आधी काकडी. आधी कच्चं सगळं होऊ दे, झाकून ठेव, मग कोंबडी घरात आण. हे त्याने ठरवून ठेवलं होतं. कोंबडीसाठी वहिनीने वेगळी सुरी आणि वेगळा प्लास्टिकचा पाट घेतला होता, लाल रंगाचा. धुवायची ती नळाखाली नाही, पातेल्यात, हलक्या हाताने, आणि नंतर मोरी साबणाने घासायची.

दादा विळीवर बसला. जमिनीवर बसायला त्याला वेळ लागला, मी हात पुढे केला, त्याने घेतला नाही. काकडी डाव्या हातात धरली. कोचवायला मनगट फिरावं लागतं, ते अजून फिरत नाही. त्याने दोनदा प्रयत्न केला, काकडी घसरली. मग त्याने तिच्या चकत्या करायला घेतल्या. एकेक चकती विळीच्या पात्यावरून ताटलीत पडत होती, कुठली जाड, कुठली तिरकी. पुतण्या शेजारी बसून पडलेल्या चकत्या मोजायला लागला. चौदावर आल्यावर वहिनीने ओट्यापाशी हात थांबवला आणि तो पंधरा म्हणेपर्यंत तशीच उभी राहिली.